तळ्याने परत केलेला नारळ

आमच्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगखाली टॅक्सी येऊन उभी होती, दादा डिकीत बॅगा कोंबत होता आणि मी सगळ्या लोकांसमोर बांगड्यासाठी रडत होते. भर दुपारचे बारा वाजले होते. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या सगळ्या ग्रिलना डोकी लागली होती. आईसाठी रडले असते तर ती तिथेच खचली असती, हे मला ठाऊक होतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मग रडायला काहीतरी दुसरं कारण हवं होतं. मी म्हटलं, तिकडे ताजा मासा नाही गं मिळणार, आणि जो काही हंबरडा फोडला, त्याने टॅक्सीवालासुद्धा खाली उतरला.

आईने पदराने माझं नाक पुसलं. तिला चाळीस वर्षं मुंबईत होऊन गेली, पण जीव हलला की तिच्या तोंडी मालवणीच येते. "रडतंस कित्याक? गावतला सगळा थंय," मिळेल तिकडे सगळं, एवढंच म्हणाली आणि मला टॅक्सीत ढकललं. वीस मिनिटांत मी एअरपोर्टवर होते. कॅनडाला जायला निघालेल्या माणसाचा पहिला टप्पा रिक्षाच्या अंतराचा असावा, याचं मला अजून हसू येतं.

सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी 'परदेशी स्थायिक रहिवाशांचे अनुभव' असं सदर काढलंय म्हणून वहिनी माझ्या मागे लागली. मी आधी टाळलं. स्थायिक हा शब्दच मला जरा मोठ्या मापाचा वाटतो. मी एका लहानशा गावात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळी साठ म्हाताऱ्यांसाठी ओटचा लापशीसारखा प्रकार शिजवते, दुपारी बटाटे कुस्करते. पगार बरा आहे, खोली उबदार आहे, माणसं सभ्य आहेत. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर विचारता, काय मग, झकास ना? तेव्हा मी अंगठा पाठवते. खोटं नसतं ते. पण या वर्षी जानेवारीत जे झालं ते अंगठ्यात मावत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आमच्या घरात मासा म्हणजे काय हे बिल्डिंगमधल्या जुन्या लोकांना सांगायला नको. आई बाजारात गेली की कोळणी सावध व्हायच्या. ती आधी डोळा बघायची, मग कल्ला उघडून आतला लाल रंग, मग पाठीवर बोट दाबून खड्डा पडतो का ते. यातलं एक जरी चुकलं तरी मासा परत टोपलीत, आणि टोपलीच्या मालकिणीला चार शब्द वर. अण्णा असताना वर्षातून दोनदा आम्ही बोरिवलीहून गोराईला जायचो, होडीने खाडी ओलांडून, फक्त बोटीवरून उतरलेला मासा घ्यायला. अण्णा गिरणी बंद झाल्यावर एका ऑफिसात शिपाई होते. साहेबाला जेवढे घाबरायचे त्याहून जास्त आईच्या मासे-परीक्षेला घाबरायचे. त्यांनी एकट्याने आणलेला एकही पापलेट कधी पहिल्या फटक्यात पास झाला नाही.

आणि इथे? इथे मासा बिनचेहऱ्याचा असतो. दगडासारख्या गोठलेल्या लाद्या, पांढऱ्या, चौकोनी, पाकिटात बंद. डोळा नाही, कल्ला नाही, शेपूट नाही. पहिल्या महिन्यात मी एक पाकीट आणलं, घरून आणलेला मसाला लावून तळलं, आणि खाताना वाटलं की मी मसाला लावलेला ओला कागद खातेय. समुद्र इथून दोन दिवसांच्या रस्त्यावर. मी अंड्यांवर आले आणि त्याबद्दल कुरकुर करणंही हळूहळू विसरले.

आई मात्र विसरली नव्हती. जानेवारीत एकदा वहिनीने आईच्या नकळत मला फोन केला. आईला चक्कर आली होती, डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, अशक्तपणा बराच निघाला होता. अंडी खा, मासे खा, असं डॉक्टर म्हणाले. अंड्याच्या वासानेच आईला मळमळतं, हे घरात सगळ्यांना माहीत. मग मासे दे की भरपूर, मी म्हटलं. वहिनी म्हणाली, "अगं, आई मासे खातच नाहीत. तू गेलीस त्या दिवसापासून. तुला सांगू नको म्हणून माझ्याकडून शपथ घेतलीये, पण आता वाट लागायची वेळ आलीये ना त्यांची."

टॅक्सी वळल्यावर आई वर गेली होती आणि देवापुढे बोलून बसली होती, की माझ्या लेकीला तिकडे ताजा मासा मिळत नाही तोपर्यंत मीही खाणार नाही. झालं. सव्वादोन वर्षं. घरात सगळ्यांसाठी तिनेच बांगड्याचं तिखलं करायचं, मीठ अंदाजाने टाकायचं, आणि आपण ताटात आमटी-भात घ्यायचा. मी रोज फोनवर विचारायचे, काय जेवलीस, आणि ती बेधडक सांगायची, बांगडो.

मला इतका राग आला की स्वयंपाकघरात मी दोनदा भांडं आपटलं. माझ्या एका रडण्यावर या बाईने अन्न सोडावं, तेही मला न सांगता? मी सरळ फोन केला आणि भांडले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. वहिनीला जरा बोलली, मग मला म्हणाली, "तुका ताजो मासो गावलो काय मगे मी खातलंय." देवाला दिलेला शब्द, त्यात माझं काय चालणार?

मग मी खोटेपणा केला. दुकानातून शोधून एक अख्खा, डोक्यासकटचा गोठवलेला मासा आणला, रात्रभर वितळवला, पाण्याखाली धरून चकचकीत केला आणि व्हिडिओ कॉल लावला. बघ, ताजा. आईने चष्मा लावला.

"डोळे दाखय त्याचे."

मी दाखवले.

"ह्याका मरान महिनो झालो," आई म्हणाली आणि वर विचारलं की एवढ्या लांब जाऊन मी फसवाफसवी शिकले का.

लिंडा माझ्यासोबत स्वयंपाकघरात काम करते. पन्नाशी ओलांडलेली, दणकट, फार न बोलणारी बाई. भांडं का आपटलं असं तिनेच विचारलं होतं, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. तिला निम्मं कळलं असेल. आई जेवत नाही आणि कारण मासा आहे, एवढं तिने पकडलं. ती म्हणाली की ताजा मासा हवा तर तो दुकानात कशाला शोधतेस, तळ्यात शोध. मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर उणे अठरा होतं. तेच तर, ती म्हणाली, आता तळ्यावर चालत जाता येतं.

बर्फाला भोक पाडून मासे धरतात हे मी ऐकलं होतं, पण ते करणारी माणसं मला नेहमी जरा डोक्याने हललेली वाटायची. लिंडाचं नेहमीचं तळं लांब होतं. तिच्या भावाने पर्च नावाच्या माशासाठी एक जवळचं तळं सुचवलं होतं, तिथे ती स्वतःही कधी गेली नव्हती. थोडक्यात, ती तळ्याला नवी आणि मी सगळ्यालाच. मी रीतसर लायसन्स काढलं. आईला सांगितलं तेव्हा ती खूश झाली आणि लगेच एक अट घातली. "अनोळखी पाणी आसा. आधी नारळ दी, मगे गरी टाक." आमच्याकडे नव्या पाण्यात हात घालायचा तर हे करावंच लागतं. लिंडाने मला काय काय आणायचं याची यादी दिली होती, त्यात नारळ नव्हता. तो आणायला मी बसने दोन तास जाऊन आले, इंडियन दुकानात.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. लिंडाचा ट्रक काठावर उभा केला, सामानाची घसरगाडी ओढत आत चालत गेलो. तळं म्हणजे नुसतं पांढरं मैदान होतं, चारी बाजूंनी काळी झाडं. पहिली दहा पावलं मी लिंडाच्या पावलांवर पाऊल ठेवत टाकली. पाण्यावर चालायचं नसतं, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की कुणी कितीही सांगितलं तरी पाय ऐकत नाहीत. लिंडाने माणसाच्या छातीएवढं उंच गिरमिट काढलं आणि फिरवायला लागली. बर्फाचा भुगा वर आला, आणि हातभर खोल गेल्यावर एकदम काळं पाणी. भोक बादलीच्या बुडाहूनही लहान. त्यावर तरंगणारा बर्फ काढायला तिच्याकडे एक जाळीदार पळी होती. मी म्हटलं थांब, आणि माझ्या पिशवीतून वड्यांचा झारा काढला. तिने तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला, आपली पळी परत पेटीत टाकली आणि दिवसभर झाराच वापरला.

दहा वाजता मी आईला फोन लावला. जोगेश्वरीत रात्रीचे साडेआठ झाले होते. आई चांगली साडी नेसून खुर्चीत बसली होती, शेजारी वहिनी. मी कॅमेरा फिरवून दाखवला तर आईला पाणी कुठे आहे तेच कळेना. मी उभी आहे ना, त्याच्या खाली, असं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा बदलला. मी हातमोजे काढले, नारळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि नारळ भोकात सोडला.

नारळ तरंगतो. गोराईच्या खाडीत तो तरंगत पुढे जातो, आपण घरी येतो. इथे पुढे जायला जागा कुठे होती? तो बुडाला, वर आला आणि भोकात बुचासारखा बसला. मी झाऱ्याच्या दांड्याने खाली दाबला. तो पुन्हा वर. तिसऱ्यांदा शेंडी आधी बाहेर आली. लिंडा पाठ फिरवून खांदे हलवत होती, वहिनी फोनमध्ये फिदीफिदी हसत होती, आणि मीही हसायला लागले. आई हसत नव्हती.

"तेना नारळ घेवक नाय," ती म्हणाली.

पाण्याने नारळ परत केला, म्हणजे पाण्याला मी नको होते. माझ्या आईच्या हिशेबात याला दुसरा अर्थच नाही. मी समजावलं की भोक लहान आहे, बर्फ आहे, नारळ हलका असतो. लिंडाने तो काढून बाजूला ठेवला आणि पलीकडे स्वतःसाठी दुसरं भोक पाडायला गेली, मी फोन जॅकेटच्या खिशात कॅमेरा बाहेर ठेवून उभा केला आणि उपड्या बादलीवर बसून गरी, म्हणजे गळ, सोडली. काठी हातभरच, खेळण्यातली वाटावी अशी. लिंडाने सांगितलं होतं, गळ तळाला टेकव, मग वीतभर वर घे, हलकेच नाचव. एकदा दोरीला टकटक झाली आणि मी विहिरीतून घागर ओढावी तशी ओढली. मासा गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिकडे आईचं चाललं होतं, पुरे झालं, उठ आता.

आणि मग बर्फ बोलला. पायाखालून, लांबून आल्यासारखा, एक मोठा घुमणारा आवाज तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला. बर्फ घट्ट होताना असा आवाज करतो, हे लिंडाने मला आधी सांगितलं होतं, तरी मी बसल्या जागी बादली घट्ट धरली. आईने तो जोगेश्वरीत ऐकला. ती उभी राहिली. "मी खातंय बांगडो. उद्याच खातंय. तू आधी थंयसून भायर ये," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी थंडीने माझा फोन मेला.

आता बघा माझी अवस्था. जे मिळवायला आले होते ते मिळालं होतं. आई खाणार होती. पण शब्द मोडून खाणार होती. माझ्या आईला मी ओळखते. पुढे कधी माझा पाय मुरगळला असता, दादाची नोकरी गेली असती, काहीही झालं असतं, तरी तिने ते या मोडलेल्या शब्दाच्या खात्यावर टाकलं असतं आणि घास घशात अडकला असता. आणि दुसरीकडे ती तिथे मोठा आवाज आणि बंद फोन एवढंच घेऊन उभी होती. मी काठी सोडून ट्रककडे पळायला उठले, आणि टकटक झाली.

मी देवाशी कधी सौदा केलेला नाही. आईच्या या सवयीवर मी आयुष्यभर हसत आले. पण त्या बादलीशेजारी अर्धवट उभी असताना मी मनात म्हटलं, एवढा एक दे, मी घरी जाऊन आईच्या हातचा घेईपर्यंत चहा सोडला. चहा माझा जीव की प्राण आहे, हे बिल्डिंगला माहीत आहे. मी श्वास धरला, मनगट जेमतेम उचललं, आणि दोरी ताणली गेली.

वीतभर लांबीचा होता. पिवळसर हिरवा, अंगावर काळे पट्टे, पोटाखालचे पर शेंदरी, पाठीवर काटेरी तुरा. तुऱ्याने माझं बोट फोडलं. मी बादली सरळ केली, जेवणाच्या डब्याने तिच्यात तळ्याचं पाणी भरलं, मासा आत सोडला आणि पळत सुटले. जड बूट, हिंदकळणारी बादली, मागून लिंडाचं ओरडणं. ट्रकमध्ये हीटर लावला, फोन चार्जरला जोडला आणि काखेत धरून बसले. तो सुरू व्हायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. वहिनी नंतर म्हणाली, पंधरा मिनिटं. तेवढ्यात आईने देव्हाऱ्यातले देव खरोखरच पाण्यात घालून ठेवले होते, स्टीलच्या पातेल्यात.

कॉल लागला. मी बादली कॅमेऱ्यापुढे धरली. मासा जिवंत होता, गोल फिरत होता, डोळा काचेसारखा. मी धापा टाकत म्हटलं, बघ आई, डोळे बघ, कल्ले बघ.

"मासो मगे," आई म्हणाली. "आधी तू माका दिस."

मी बादली खाली ठेवली आणि फोन माझ्याकडे वळवला.  वहिनी मागे पातेल्यातून देव बाहेर काढून पुसत होती. मग आईने नाक ओढलं, चष्मा लावला आणि परीक्षा घेतली. डोळा पास, कल्ला पास. काळे पट्टे तिला आवडले नाहीत, पण ताजा आहे एवढं तिने कबूल केलं. लिंडा येऊन खिडकीतून हे सगळं बघत होती. नंतर तिने नारळाचं काय करायचं ते विचारलं, तो आम्ही ट्रकच्या मागच्या हुकवर फोडला आणि दोघींनी उभ्याउभ्या खाल्ला. तळ्याच्या वाट्याचा तुकडा मी भोकात सोडला. तो नीट बुडाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझी सकाळ आणि आईची रात्रीची जेवणं जुळवून आम्ही एकत्र जेवलो. मी तव्यावर तळलेला पर्च, तिच्यापुढे बांगडा. पर्चचं मांस गोड निघालं, घट्ट, आमच्या नदीच्या माशासारखं. आईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी जेवायचं सोडून तिच्याकडे बघत बसले. सव्वादोन वर्षं मी ज्याला अंगठा पाठवत होते ते सगळं त्या घासात होतं, आणि मला फार बरं वाटलं, आणि फार लाजही वाटली.

आता आईचं रक्त वाढलंय. मी त्या तळ्यावर अजून चार वेळा गेले, आता उन्हाळ्यात काठावरूनही जाते, काठी सवयीची झाली आहे. इथल्या माणसांना मी आता या गावची वाटते, आणि कधी कधी मलाही. पूर्वी मी घर म्हणजे जागा धरून चालले होते, तिसऱ्या मजल्यावरची, ग्रिलवाली. आता वाटतं की ज्या माणसासाठी आपण काहीतरी सोडतो आणि त्याला कळू नये म्हणून खोटं बोलतो, तिथे आपलं घर असतं.

कारण चहाचं मी आईला सांगितलेलं नाही. सहा महिने झाले. स्वयंपाकघरात साठ कप चहा ओतते आणि गरम पाणी पिते. आई रोज विचारते, चाय घेतलंस, आणि मी म्हणते, घेतला, आलं घालून. माशाचा डोळा हजारो मैलांवरून ओळखणारी बाई, पण हे तिच्या लक्षात आलं नाही, असं मी समजत होते.

परवा मी फोन केला तर तिने चहाचं विचारलंच नाही. चष्मा लावला, माझ्या तोंडाकडे बराच वेळ नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "तिकीट कधीचा काढलंस?"

काढलेलं नव्हतं. फोन ठेवला आणि काढलं.